हेल्मेट बदलाचं केव्हा? डोकं फुटल्यावर!

…नाई, पन मले एक सांगा, डोकं फुटलं नाई हा काय गुन्हा झाला काय? आँ? तुम्ही सारे शहाने मानसं बसले हा इथं, आपापल्या डोक्यावर हात ठेवून सांगा! बाई सायकलवरून पडली, गोट्यावर आदळली, उठून बसली, डोकं शाबूत… कोनीबी मानूस म्हनन, बरं झालं बाप्पा, वाचली! पन आमच्या मोठ्या ऑफिसात काय म्हनते? "फुटलं काय? नाई ना? मंग?"

मंग काय मंग! बोंबला!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाई तं तुम्ही म्हनसान कवडूले ऊन लागलं. मी कवडू. नाचणगावच्या रस्त्यावर माहं सायकलचं दुकान हाये. दुकान म्हंजे काय, एक निंबाचं झाड, एक पंप आन् पंचर पाहाले पान्यानं भरलेलं घमेलं. आन् आनंदाबाई म्हंजे माही बायको. घरात मी तिले "अवं" म्हनतो, पन ती सरकारी नर्स हाये, पाच गावं हायेत तिच्याकडं, म्हनून चारचौघात आनंदाबाईच म्हना लागते. लेकरायले लसी, बायायचे बाळंतपनं, कोनाचा ताप, कोनाचा विंचू… सारं सायकलवर! मागं कॅरिअरले लसीची पेटी, पेटीत बर्फ, आन् बर्फ काय नर्सबाईसाठी थांबते काय? म्हनून ही अशी सुसाट!

तं तुम्हाले सांगतो, त्र्याऐंशी साली एक गोरी डॉक्टरीनबाई आमच्याकडचं लसीचं काम पाहाले आली. तिनं पाह्यलं, साऱ्या नर्सा उघड्या डोक्यानं, पदर खोचून, असल्या रस्त्यानं सायकली हानून राह्यल्या. तिले काई ते पाहावलं नाई. आपल्या देशी गेली आन् तिकडून सहा हेल्मेटं पाठोली. मोटारसायकलचे नाई हो, सायकलचे! पांढरे, हलके, पालथ्या वाडग्यासारखे, गळ्याखाली पट्टा. आता सहा हेल्मेटं, सहा नर्सा, हिशोब तं पहिलीतल्या पोराले येते ना? पन नाई! आरोग्याच्या मोठ्या ऑफिसनं एक देल्लं आनंदाबाईले, कारन तिचे गावं सर्वात दूर, आन् पाच टाकले कपाटात, वरून कुलूप! काऊन? तं म्हने, "वापरले तं खराब होतीन!"

घ्या!

आता ते हेल्मेट घालून ही पयल्या दिवशी निघाली तं अर्धं गाव रस्त्यावर. एक बुढी म्हने, "अवं नर्सबाई, दूध काढाले भांडं घेतलं काय वं?" आन् लेकरायच्या मनात तं असं पक्कं बसलं, की पांढरं वाडगं आलं म्हंजे सुई आली! दुरून हेल्मेट दिसलं की सारे पोट्टे तुरीच्या वावरात! मीबी हासलो, खोटं काऊन बोलू? पन हिनं लक्षच देल्लं नाई. पट्टा आवळला, टांग मारली, गेली. दोन वर्सं झाले, एक दिवस बिना हेल्मेटची गेली नाई. बाई मोठी शिस्तीची… मले तं चहाची कपबशीबी जाग्यावर ठेवा लागते, पन ते जाऊ द्या, तो विषय येगळा हाये.

मंग आलं पंच्याऐंशी साल, फेब्रुवारी महिना. समोरून कापसाच्या बैलबंड्या येऊन राह्यल्या, एकामागं एक. हिनं सायकल कडेले घेतली, पुढचं चाक गेलं चाकोरीत, आन् बाई हँडलवरून अशी… थेट मैलाच्या गोट्यावर, डोक्यानं! टक्क! बंडीवाला मले नंतर सांगे, "कवडूभाऊ, आवाज असा आला जसा नारळ फोडला. म्या म्हटलं, गेली बाई!" तो उडी मारून जवळ गेला, तं ही उठून बसली आन् पयला शब्द काय बोलली? "पेटी पाह्य रे बा, पेटी उघडली तं नाई?"

पेटी! अवं, डोकं पाह्य ना पयले!

पेटी ठीक होती. तशीच गेली, एकोनीस लेकरायले लस देल्ली, कोपरं खरचटलेले, लुगड्याले माती, आन् संध्याकाळी घरी आली. मले काई सांगतलं नाई. स्टो पेटवाले बसली. एक काडी ओढली, इझली. दुसरी ओढली, इझली. तिसरी तं हातातूनच पडली… दिवसभर एकोनीस सुया टोचल्या, एक चुकली नाई, आन् घरी येऊन काडी धरवेना! म्या स्टो पेटोला. मंग तिनं ते हेल्मेट माह्या पुढ्यात ठेवलं आन् म्हने, "पाहा."

पाह्यलं. बाहेरून काय, एक ओरखडा, करंगळीएवढा. म्या म्हटलं, "ठीक तं हाये वं, घासून देतो." खरं सांगतो, असंच म्हटलं म्या! मीबी त्यातलाच! ती म्हने, "आतून पाहा." आत पांढरं थर्माकोल असते, लसीच्या पेटीले असते ना, तसंच. त्याच्यात अंगठा लावला तं एका जागी चपटलेलं, आन् तिथून एक चीर गेलेली, पार मागपर्यंत. हेल्मेटसोबत एक इंग्रजी पुस्तिका आलती, ती घेऊन आम्ही रूपराव मास्तरकडं गेलो. मास्तरनं चष्मा लावला, वाचलं, आन् म्हने, "कवडू, हिच्यात साफ लेहेलं हाये. हे हेल्मेट मार स्वतःवर घेते आन् आतून चेंदून जाते, म्हनून डोकं वाचते. एकदा जोरात मार लागला की याचं काम संपलं. बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला."

समजलं मले! सायकलवाल्याले नाई समजनार तं कोनाले समजन? माह्याकडं गिऱ्हाईक येते, टायरातून सूत दिसून राह्यलं, सुतातून ट्यूब डोकावून राह्यली, म्या म्हनतो, "भाऊ, टायर बदल," तं म्हनते, "फुटलं काय? नाई ना? मंग?" आन् मंग उतारावर फुटते तवा मलेच शिव्या!

आनंदाबाई म्हने, "उद्या ऑफिसात जातो. पाच कपाटात पडून हायेत, एक मांगतो." मले वाटलं, अर्ध्या घंट्याचं काम. दोन महिने गेले! दोन महिने!

तिथं स्टोअरकीपर हायेत, नत्थूजी. कपाटाच्या चाब्या जानव्यासारख्या गळ्यात. मीबी संग गेलो होतो. नत्थूजीनं हेल्मेट घेतलं, फिरोलं, टिचकी मारली, म्हने, "फुटलं काय?"

ही म्हने, "आतून फुटलं, नत्थूजी."

"आतलं सोडा बाई, आतलं कोन पाहाते? बाहेरून?"

"बाहेरून नाई."

"बरं, तुमचं डोकं फुटलं काय?"

"नाई."

"मंग टोपी चांगली हाये! टोपी खराब असती तं डोकं फुटलं नसतं काय?"

ऐकलं? पुन्हा ऐका! डोकं फुटलं नाई म्हंजे टोपी चांगली! आन् फुटलं असतं तं? म्या इचारलं, म्हटलं, "नत्थूजी, डोकं फुटलं असतं तं नवं देल्लं असतं?" तं म्हने, "हो, तुरंत! डॉक्टरचं सर्टिफिकेट आना, हातोहात देतो!" माह्या अंगाची अशी लाही लाही झाली, वाटलं, पंपानं याच्याच डोक्यात हवा भरावी. पन हिनं माही बाही धरली.

पुढच्या खेपेले अर्ज. त्याच्या पुढच्या खेपेले अर्जाचा नमुना चुकला. त्याच्या पुढच्या खेपेले सायेब दौऱ्यावर. आन् इकडं ही रोज तेच चिरलेलं हेल्मेट घालून पाच गावं फिरून राह्यली! मी तिकडं झाडाखाली पंचर काढून राह्यलो, पन ध्यान कुठी? दुरून कोनी पळत येतानी दिसलं की मी पंप टाकून उभा. एक दिवस एक पोट्टा ओरडत आला, "कवडूकाका, कवडूकाका!" माह्या हातातून पाना पडला… तं म्हने, "चेन उतरली." असा चिडलो त्याच्यावर, का सांगू! त्या बिचाऱ्याचा काय दोष?

शेवटी सायेबानं तपासनी ठेवली. सायेब पुन्याकडचे, बोलनं एकदम गोड. "हे बघा सिस्टर, आपण शास्त्रीय पद्धतीने पाहू." शास्त्रीय पद्धत ऐका! सायेबानं ते हेल्मेट शिपायाच्या डोक्यावर ठेवलं आन् लाकडी पट्टीनं वरून हानलं. टक! "लागलं का?" शिपाई सायेबाले काय सांगन? म्हने, "नाई जी." अजून एक, टक! "आता?" "नाई जी." मंग नत्थूजी त्याच्यावर बसून पाह्यले. हो, बसले! खुर्चीसारखे! आन् सायेबानं कागदावर लेहेलं, "सुस्थितीत." वरून म्हने, "सिस्टर, फुटलं का? नाही ना? मग?"

आम्ही बसमंधी बसलो. मी बडबडलो, साऱ्यायले शिव्या देल्ल्या, कंडक्टर दबकला. ही खिडकीतून पाह्यत होती. घरी आल्यावर म्हने, "माह्या हाती तं फक्त पट्टा आवळनं हाये. डोकं माहं हाये, आन् ठरवून राह्यले ते." बस, एवढंच. आन् सोमवारी सकाळी म्हने, "दुकान बंद ठेवा. बजारातून दोन टरबूज आना. डोक्याएवढे."

टरबूज! म्या म्हटलं, हिच्या डोक्याले मार लागलाच का काय!

गेलो ऑफिसात, या खेपेले सायकलवर, तिच्या कॅरिअरले लसीची पेटी, वापसीत दोन गावं कराचे होते. दोन्ही हातात टरबूज घेऊन मी मागं, हेल्मेट घेऊन ही पुढं. सायेबाले म्हने, "सायेब, तुमच्या पद्धतीनं झालं, आता एकदा माह्या पद्धतीनं. कपाटातलं एक हेल्मेट काढा." नत्थूजी म्हने, "जमनार नाई." तवर ऑफिसातले सारे कारकून टरबूज पाहून बाहेर आलते. सायेबाले वाटलं, गंमत हाये. म्हने, "काढा हो नत्थूजी."

अंगनात फरशी. हिनं स्टूल मांगतलं, पदर खोचला, वर चढली. एक टरबूज बसोलं जुन्या हेल्मेटात, पट्टा आवळला, हेल्मेट खाली करून देल्लं सोडून. फाट! हेल्मेटाचे दोन तुकडे, टरबूजाचे चार, लाल पानी सायेबाच्या बुटावर! नत्थूजीचा हात आपोआप स्वतःच्या टकल्यावर गेला. मंग दुसरं टरबूज, नव्या हेल्मेटात, तेच स्टूल, तीच उंची. ठप्प! पट्टा सोडला… टरबूज जसंच्या तसं! चीर नाई! कारकुनायनं टाळ्या वाजोल्या हो, टाळ्या! ही स्टुलावरून उतरली, त्या लाल चिखलाकडं बोट दाखोलं आन् हळूच म्हने, "सायेब, दोन महिन्यापासून हे मी डोक्यावर घेऊन फिरून राह्यली. त्या टरबूजाच्या जागी मी होती."

सायेबाचा चेहरा उतरला. खरंच उतरला, उगाच बोलनार नाई मी. म्हने, "चूक झाली सिस्टर. आत्ताच्या आत्ता बदलून देतो." कागद आला, सही झाली, जुनं "निकामी" झालं. माही छाती अशी फुगली! म्या म्हटलं, सरकारबी कधी कधी मानूस असते!

आन् नत्थूजीनं काय केलं सांगू? अंगनात गेले, ते फरशीवर आपटलेलं नवं हेल्मेट उचललं, रुमालानं पुसलं, आन् दोन्ही हातानं आनंदाबाईपुढं धरलं. "घ्या बाई!"

म्या म्हटलं, "नत्थूजी, अहो, हे आत्ताच आपटलं! याच्यानं मार खाल्ला! पाहा ना, आतून चेपलं हाये, अंगठा जाऊन राह्यला! कपाटात चार कोरे हायेत, त्याच्यातलं द्या!"

नत्थूजीनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं मीच खुळा. म्हने, "कवडूभाऊ, त्या चारायची अजून तपासनीच झाली नाई. हे तं सायेबासमोर पास झालं हाये!"

म्या सायेबाकडं पाह्यलं. सायेबानं घडी पाह्यली, आन् गेले जीपमंधी बसून. कारकून मंडळी दुसरं टरबूज कापून राह्यली होती.

पेटीतला बर्फ वितळून राह्यला होता, दोन गावं राह्यले होते. हिनं ते हेल्मेट घेतलं, आतून एकदा अंगठा फिरोला, डोक्यावर ठेवलं.

मंग आता काय? आम्ही दोघायनं घरी बसून, शांतपने इचार करून ठरोलं हाये… आता तिनं पडाचं नाई.