पाहुण्या खेळाडूला पळवून नेल्याबाबत

मी, वर्ना टकेट, वय ६३ वर्षे, धंदा - शाळेच्या बसवरून निवृत्त, हल्ली सॉकर क्लबच्या गाडीवर चालक, रा. एल्म रस्ता, हॉलिस क्रीक, कॅन्सस, आज सोमवारी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती रॉय हे इथल्या शाळेत अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते. तरुणपणी स्वतःही खेळले. शेवटची चार वर्षे त्यांना माझे नाव आठवत नसे. डोक्याला बसलेल्या धडकांमुळे तसे झाले, असे डॉक्टर म्हणाले. सदर प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

आमच्या क्लबचे व्यवस्थापक ब्रेंट कोल्बी यांनी यंदा उरुग्वेचे नामांकित खेळाडू एसेकिएल बारोएता, वय ३८, यांना करारावर आणले. "हा एक माणूस आला ना वर्ना, की अख्खं कॅन्सस सॉकरवेडं होतंय की नाही बघ," असे ते मला म्हणाले होते. शाळेच्या स्टेडियमवर, जिथे आता क्लबचे सामने होतात, बारोएता यांचा दोन मजली उंच फोटो लावलेला आहे.

शनिवारी दुपारी दोन वाजता मी बारोएता यांना हॉटेलातून घेऊन मोटारींच्या शोरूमकडे निघाले. तिथे ते चाहत्यांना सह्या देणार होते. वाटेत त्यांनी विचारले, "इथे सॉकर खेळतं कोण?" मी सांगितले, "कोणी नाही." धान्याच्या कोठारांपाशी ते एकदम ओरडले, "थांबवा! बाई, थांबवा!" मला वाटले, गाडीखाली काही आले.

कोठारांमागच्या मुरमाड जागेत मांस कारखान्यातले कामगार खेळत होते. काही सोमाली, काही ग्वाटेमालाचे. त्या रस्त्याने मी अकरा वर्षे बस नेली. त्यांची मुले माझ्याच बसमध्ये असत. मी तिथे कधी थांबले नव्हते.

बारोएता "पाच मिनिटं" म्हणाले व उतरले. फोन गाडीतच राहिला. त्यांना कोणी ओढून नेले, ही कोल्बी यांची तक्रार खरी नाही.

त्यांना पाहताच खेळ थांबला. तिथला कप्तान गुलेद वारसमे म्हणाला, "अहो, तुम्ही म्हणजे... ते तुम्हीच?"

"मीच. घेता का खेळायला?"

गुलेदने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. "पुढे जागा नाही. मागे बचावाला उभे राहाल?"

जन्मभर गोल मारलेल्या माणसाला त्याने हे विचारले. बारोएता हसले, कोणाचे तरी बूट घातले आणि मागे जाऊन उभे राहिले.

पाच मिनिटांचे पावणेदोन तास झाले. एक पोरगेला कामगार त्यांना चकवून गेला तेव्हा सगळे ओरडले, "आजोबा, जागे व्हा!" मी आधी गाडीत बसले होते. मग खाली उतरले. मग बाहेर आलेला चेंडू आणून देऊ लागले. गुलेदच्या बायकोने मला वेलदोड्याचा चहा आणि गरम सांबूसे, म्हणजे त्यांच्याकडचे समोसे, दिले. ती म्हणाली, "बसवाल्या काकू, आज थांबलात होय!" मी चहा प्यायले.

चारच्या सुमारास बारोएता यांचा पाय मुरगळला. कोणी पाडले नाही. तेवढ्यात कोल्बी पोलीस घेऊन आले. "वर्ना, उद्याचा सामना बुडवलास तू! ही जागाच बंद करायला लावतो मी."

बारोएता खाली बसूनच म्हणाले, "मला आणलंत ते खेळ वाढवायला. तो इथे मस्त वाढलाय की. यांना कधी बोलावलंत?"

"हे लोक कुठे तिकीट काढतात?"

गुलेद म्हणाला, "या म्हणून कोणी म्हटलंच नाही, साहेब."

रविवारी बारोएता खेळणार नाहीत, असे जाहीर झाल्यावर आरडाओरडा झाला. मध्यंतरापर्यंत निम्मे लोक फोटोकडे मुठी उगारत निघून गेले. तेव्हा बारोएता कुबडी घेऊन फाटकात उभे राहिले आणि गुलेद, कामगार, त्यांच्या बायकापोरे, सगळ्यांना हाताला धरून आत घेऊ लागले. कोल्बी बघत राहिले. आम्ही दोन-एकने हरलो. एवढा आवाज त्या स्टेडियमात रॉयच्या काळातही नव्हता. मीही ओरडले. आज माझा घसा बसला आहे तो त्यामुळे.

फोटो बघायला आलेल्यांपैकी किती परत येतील, ते मला सांगता येणार नाही. मध्यंतरानंतर आलेले येतील, असे वाटते.

गाडी मी माझ्या मर्जीने थांबवली. गुलेद व इतर कामगारांचा यात काही दोष नाही. ती जागा बंद करू नये. नोकरी जायची असेल तर माझी जावो.

हा मजकूर जबाब लिहून घेणाऱ्या डेप्युटी शेरीफनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. मी सही करताना त्यांनी आपले पेन खाली ठेवून, सॉकरमधले ऑफसाइड म्हणजे नेमके काय, असे मला विचारले. पुढचा अर्धा तास जबाबात घेतलेला नाही.