पाठमोरं भूत

ऑपरेटर : म्हणजे तिसऱ्या भागानंतर थेट पाचवा लावू म्हणता?

बाबा : कुणाला पत्ताही लागणार नाही.

ऑपरेटर : साहेब, सकाळपासून एकाच भुताचे पाचही सिनेमे ओळीने लावलेत. मधलाच गायब केला तर लोक माझी मानगूट धरतील.

मुलगी : बाबा? मी तुम्हाला खाली हॉलमध्ये शोधतेय, आणि तुम्ही इथे प्रोजेक्टरच्या खोलीत?

ऑपरेटर : ताई, हे चौथा वगळा म्हणतायत.

मुलगी : कार्यक्रम मी ठरवलाय. चौथा लागणार.

बाबा : बापाचं हसं करायची हौसच असेल तर कर. एकदा झालंय ते. हा चौथा केल्यानंतर कुणी मला दुसरा सिनेमा दिग्दर्शित करायला दिला नाही.

ऑपरेटर : मी पाहिला होता तेव्हा. टवाळीच्या शिट्ट्या मारून, हुर्यो करून घसा बसला. खोटं कशाला बोलू?

बाबा : ऐकलंस?

मुलगी : भूत पाठमोरं का, ते सांगा की यांना.

बाबा : काय सांगू, कपाळ? भुताचा मुखवटा आला तो फाटका. शूटिंग थांबवायची सोय नव्हती. म्हटलं, पोरीला भिंतीकडे तोंड करून बसवा. सगळा सिनेमा तसाच उरकला.

मुलगी : सिनेमा ढिसाळच आहे. पोलीस तर नुसते जिने चढतात नि उतरतात.

बाबा : चला, एवढं तरी कबूल केलंस.

मुलगी : पण ती आई मेलेल्या लेकीचे केस विंचरते, तो प्रसंग घ्या. बाकीच्या भागांत भूत दिसलं की माणसं पळत सुटतात. ही मागे बसून गुंता सोडवते. आधी मला भीती वाटली, पोरगी आता वळेल. मग वाटायला लागलं, वळलीच नाही तर? पहिल्या तिन्ही भागांत मिळून असं भय नाही, बाबा.

बाबा : माझ्या डोक्यात असलं काही नव्हतं. मुखवटा फाटला होता, बस.

मुलगी : मुखवटा फाटला. मग फणी कुणी दिली तिच्या हातात?

बाबा : ...नटी नुसतीच बसून होती. म्हटलं, बाई, लेक आहे ना ती तुमची?

मुलगी : लावा हो चौथा.

(सिनेमा सुरू होतो. बाबा हॉलकडच्या खिडकीकडे पाठ करून बसतात.)

ऑपरेटर : हे घ्या, साहेबही पाठमोरे. पोलिसांच्या जिन्यावर हसले बरं का लोक.

बाबा : हसणारच.

ऑपरेटर : आता फणी घेतली तिने.

बाबा : शिट्ट्या?

मुलगी : नाही.

बाबा : मग उठून चाललेत?

मुलगी : कुणी हललंसुद्धा नाही. पुढे वाकून बसलेत सगळे.

बाबा : कोण बोललं ते खाली?

मुलगी : एक म्हातारे गृहस्थ. पडद्याकडे बघून म्हणाले, 'वळ गं बाळा.'

बाबा : आणि हसले बाकीचे?

मुलगी : नाही हो. इकडे या, स्वतःच बघा.

ऑपरेटर : या, माझ्या स्टुलावर बसा.

(बाबा स्टुलावर बसून खिडकीतून शेवटपर्यंत सिनेमा बघतात.)

ऑपरेटर : संपला. टाळ्या थांबेनात की यांच्या. पाचवा लावू का लगेच?

बाबा : घाई काय आहे? नावं पूर्ण जाऊ द्या.