आव्हेरोफ परत आली तेव्हा

(पिरेअस बंदरामागच्या टेकडीवरचं दोन खोल्यांचं घर. ऑक्टोबर १९४४, गुरुवारची दुपार. पान्देलिस हा ‘आव्हेरोफ’ या युद्धनौकेवरचा भट्टीवाला. देस्पिना त्याची थोरली बहीण.)

देस्पिना : ...आणि मंगळवारी अख्खा दिवस नुसते समोर उभे! टेकडीवरून दिसत होतं मला. हात हलवून हलवून खांदा भरून आला. उतरला का नाहीत?

पान्देलिस : जहाजावरचे मंत्री उतरेनात ना! आपली जुनी राजधानी तुर्कांच्या हाती पडली ती मंगळवारी, म्हणून मंगळवारी मायदेशी पाऊल ठेवायचं नाही म्हणाले.

देस्पिना : त्याला पाचशे वर्षं होत आली. इथे जर्मनांखाली साडेतीन वर्षं सातही वार मंगळवारच होते, ते नाही कुणाला दिसले.

पान्देलिस : चिडू नकोस गं. हे बघ, डब्यातलं दूध आणलंय, साखर आणलीय. आणि ही शाल आईला. मुंबईची आहे. आई कुठाय? चर्चमध्ये गेलीय?

देस्पिना : मुंबई कुठे आली?

पान्देलिस : हिंदुस्थानात. वर्षभर तिथेच होतो. इंग्रजांच्या मालाच्या जहाजांना सोबत करायची, बस्. आपली आव्हेरोफ, आपला लाडका योर्गोसकाका, म्हातारा झालाय, धूर ओकत चालतो. बाराच्या साली ज्यानं तुर्की आरमाराला पळता भुई थोडी केली, त्याच्यावर गुरं राखायची वेळ आली! आणि खाली भट्टीशी तर काय सांगू, फावडं हातात धरवत नव्हतं. आई कुठाय, ताई?

देस्पिना : फोतिनी खेळायला गेलीय. तुझी लेक असली तरी ओळखणार नाही हं तुला, आधीच सांगते. तू गेलास तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. आईविना पोर, मलाच आई म्हणते.

पान्देलिस : म्हणू दे. मी आपल्या आईचं विचारतोय.

देस्पिना : आधी दोन घास खा.

पान्देलिस : ताई.

देस्पिना : आई गेली, पान्देली.

पान्देलिस : कधी?

देस्पिना : तू गेलास त्याच्या पुढच्या जानेवारीत. पाव नाही, तेल नाही. डोंगरावरचा पाला उकडून खायचो, नंतर तोही संपला. आपल्या वाट्याचं ती पोरीला भरवायची आणि मला म्हणायची, माझं झालं जेवून. मला कळत होतं रे. कळत असून मी गप्प बसले.

पान्देलिस : जानेवारीत मी मुंबईच्या धक्क्यावर बसून केळी खात होतो. डझनभर खाल्ली एका बैठकीत. पोरं हसत होती मला.

देस्पिना : खाल्लीस ते बरं केलंस. तू उपाशी राहून तिचं पोट थोडंच भरणार होतं!

पान्देलिस : चल, ऊठ. कबर दाखव.

देस्पिना : कबर नाही.

पान्देलिस : नाही म्हणजे?

देस्पिना : शेजारच्या म्हाताऱ्या नानांची हातगाडी मागून घेतली. पहाटे आईला चादरीत गुंडाळून कब्रस्तानाच्या भिंतीशी ठेवून आले. तिथे रोज असायचेच दहा-वीस. नगरपालिकेची गाडी यायची, उचलून न्यायची. कुठल्या खड्ड्यात टाकलं, मला माहीत नाही.

पान्देलिस : बेवारस? आपल्या आईला तू बेवारस टाकून आलीस?

देस्पिना : नाव सांगितलं असतं तर रेशनकार्ड काढून घेतलं असतं त्यांनी. मरायच्या आधी तिनंच बजावलं होतं मला. म्हणाली, मी गेले की कुणाला सांगू नकोस, माझा पाव फोतिनीला घाल. त्या पावावर पोर जगलीय, पान्देली. कालपरवा दुधाचा दात पडला तिचा.

पान्देलिस : पण टाकवलं कसं तुला?

देस्पिना : आणि तुला जाववलं कसं? पवित्र शुक्रवारी गेलास! रविवारी ईस्टरची लाल अंडी फोडायला येतो म्हणालास. ती टोपली भरून दारात बसली होती.

पान्देलिस : हुकूम आला होता जहाज बुडवायचा. जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून. आमच्याच हातानं योर्गोसकाकाला बुडवायचं! पोरं खवळली. जहाजावरचे पाद्रीबाबाच पुढे झाले. बंदराच्या तोंडाशी अडसर बांधलेला होता, तो आम्ही कुऱ्हाडींनी तोडला. ज्यांना उतरायचं होतं त्यांच्यासाठी शिडी होती, ताई. माझा एक पाय शिडीवर होता. डोळ्यांसमोर आईच होती. तेवढ्यात खालून ओरडले, वाफ कमी पडतेय, आणि मी भट्टीकडे पळालो. कुणी बळजबरी केली नव्हती मला.

देस्पिना : मी तुला दोष देत नाहीये.

पान्देलिस : दे की. द्यायलाच हवा.

देस्पिना : माझंच पाप मोठं आहे, ऐक. कार्ड आहे म्हटल्यावर माणूस जिवंत दिसायला नको? म्हणून दर रविवारी प्रार्थनेसाठी चर्चमध्ये नावांची चिठ्ठी देतो, त्यात आईचं नाव मी वर, जिवंतांत लिहिलं. पाद्रीबाबा मोठ्यानं वाचायचे, सगळी आळी ऐकायची. देवासमोर खोटं बोलले मी. मेलेल्यांच्या नावानं शिजवतात ते गहू तिच्यासाठी शिजवले नाहीत, की मेणबत्ती लावली नाही.

पान्देलिस : आणि माझं नाव? ते कुठे होतं?

देस्पिना : ...खाली.

पान्देलिस : मेलेल्यांत?

देस्पिना : लोक म्हणत होते, विमानांनी बुडवलं जहाज. आई होती तोवर ऐकून घ्यायची नाही. योर्गोसकाका माझ्या पोराला बुडू द्यायचा नाही म्हणायची. ती गेल्यावर माझा धीर सुटला रे.

पान्देलिस : म्हणजे मेलेली जिवंतांत आणि जिवंत मेलेल्यांत! इकडे पाद्रीबाबा माझ्या आत्म्याला शांती मागतायत आणि तिकडे मी कोळसा ओढतोय!

देस्पिना : हसतोस काय, मेल्या!

पान्देलिस : मग काय करू, ताई? काय करू मी?

देस्पिना : ...ये. इकडे ये. केवढा वाळलायस.

पान्देलिस : कागद आण. आत्ताच चिठ्ठी लिहू आणि दोघं जाऊन पाद्रीबाबांना सगळं सांगू.

देस्पिना : लोक काय म्हणतील? मेलेल्या आईच्या नावावर पाव खाल्ला म्हणतील.

पान्देलिस : म्हणू देत. आईचाच पाव होता, आईनंच दिला. मी सांगेन त्यांना. आण कागद.

देस्पिना : तूच लिही. माझा हात चालत नाही.

पान्देलिस : वर फोतिनी. देस्पिना. आणि मी, वर. आता खाली... कालिओपी.

देस्पिना : नीट लिही. सुवाच्य लिही.

पान्देलिस : ताई, ती गेली तेव्हा तू रडलीस तरी का?

देस्पिना : भिंती किती पातळ आहेत इथल्या! शेजारणीला ऐकू गेलं असतं. तोंडात डोक्याचा रुमाल कोंबून बसले होते. मग राहूनच गेलं.

पान्देलिस : आता रड. शेजारीण आली तर दार मी उघडतो.