आतून कडी

ताई : चपला काढून झोपू की तशीच?

सुतार : ताई, उतर खाली! समोरचा दुकानदार बघतोय.

ताई : बघू दे. साधी चादर घेतानाही मी उलगडून बघते. ही तर माझी स्वतःची शवपेटी. धर हात.

सुतार : डॉक्टरांनी पायऱ्यासुद्धा चढू नको म्हणून सांगितलंय.

ताई : फार दिवस नाहीत, हेही त्यांनीच सांगितलंय. अगं बाई! बारक्या, पायाशी केवढी ही जागा! माझ्यासोबत आणखी कुणाला धाडतोयस?

सुतार : माप बरोबर आहे.

ताई : घेतलंस कधी?

सुतार : तुझं कशाला घ्यायला हवं? डोळ्यांत आहे. मी शाळेत होतो तेव्हा तुझं डोकं चौकटीला टेकायचं.

ताई : अरे, आता माझा हात फडताळाच्या वरच्या कप्प्याला पुरत नाही! साऱ्या जगाला टेप लावतोस आणि मला अजून मान वर करून मोजतोस होय रे?

सुतार : उतर. कापून देतो.

ताई : राहू दे, ऐसपैस आहे. झाकण कुठंय?

सुतार : लाकूड ओलं आहे अजून.

ताई : कान बघ कसे लाल झालेत. खोटं बोललास की लहानपणापासून होतात.

सुतार : झाकण झालं की तू जाशील. बस? हेच ऐकायचं होतं ना?

ताई : वेड्या, मी काय तुझ्या झाकणासाठी खोळंबलेय?

सुतार : माझ्या बायकोच्या पेटीचं झाकण मीच बसवलं होतं, ताई. चर्चमधले पाळक म्हणाले, ती पुन्हा उठेल. मी सुतार माणूस. मातीत लाकडाचं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

ताई : कुजतं. मीही कुजेन. गुडघ्यांनी तर आत्ताच सुरुवात केलीय! पण प्रभूही तुझ्याच धंद्यातला होता. त्यालाही पुरलंच होतं ना? राहिला का आत?

सुतार : तुला भीती नाही वाटत?

ताई : वाटते की. पण कुणाकडे जायचंय ते माहीत आहे. मला घोर तुझा आहे. मी गेले की तू म्हणशील, सगळं संपलं. म्हणून एक काम कर. झाकणाला कडी लाव. आतून.

सुतार : आतून?

ताई : उठायच्या दिवशी कोण येऊन उघडतंय, म्हणून ताटकळायला नको. शिवाय तुझ्या बायकोलाही मलाच हलवावं लागणार. झोपाळू आहे ती.

सुतार : लोक मला वेड्यात काढतील.

ताई : तुझा विश्वास नाही ना? मग एका कडीनं तुझं काय जातंय?

(काही दिवसांनी. ताईची खोली; ती अंथरुणाला खिळलेली.)

सुतार : ताई, जागी आहेस?

ताई : अजून तरी. झालं का झाकण?

सुतार : झालं.

ताई : आणि कडी? की लोकांना घाबरलास?

सुतार : बसवली. पितळेची. जरा घट्ट सरकत होती.

ताई : मग?

सुतार : तेल घातलं. आता तुला जोर लावावा लागणार नाही.