हिरवे वळ

पेणकरपाड्यातल्या लॅबमध्ये रक्त द्यायला बसलेल्या सुचेताच्या पाठीमागे सासू-सून बोलत होत्या.

“बाही खाली ओढ, स्वप्नाली. लोकं बघतायत.”

“बघू दे, आई. प्लेटलेट कमी आहेत, जरा दाबलं तरी वळ उठतात.”

“ठाऊक आहे. जितेश गेला तेव्हा बायकांनी तुझ्या बांगड्या ओरबाडल्या, तेव्हाही उठले. पण त्याचं वर्षश्राद्धसुद्धा झालं गं.”

“ते वळ कधीच गेले. हे रोज नवे उठतात.”

“नवा वळ काळानिळा असतो. हे हिरवेगार कसे, बांगड्यांसारखे?”

“झोपेत कुणीतरी हात दाबून बांगड्या भरतं.”

“हात ओळखीचा आहे?”

“हो.”

सुचेताला मागे वळून बघायचा धीर होईना.

“आज आला तर त्याला सांग, आई शेजारच्याच खोलीत झोपते.”