सगुनाचे चार दात

आमचं गाव सावली म्हनून तालुक्याचं गाव हाये, त्याच्या खाली, वैनगंगेकडं, सगळा धानाचा मुलूख. आज्यापासून आमी बांध्यायत, म्हंजे धानाच्या वावरातच वाढलो. शाळा म्हनसान तं दुसऱ्या वर्गापर्यंत, मास्तर मारे आन् म्या पळे, त्याच्यातच संपली. बाप लहानपनीच गेला, मायनं वाढवलं, लय कडक बाई, भाऊ, आंग धुतल्याशिवाय मडक्याले हात लावू देत नोती, देवाच्या धानातला दाना चिमनीनं उचलला तं चिमनीलेबी शिव्या. तुमी हासून राह्यले, पन तवा तिच्यासमोर हासाची हिंमत एकीलेच होती, सगुनाले, माह्या बायकोले.

काय सांगू तुम्हाले, ती हासे तं शेजारच्या आंगनात आवाज जाये. चामोर्शीकडची पोट्टी. दात असे, का नवं धान उखळात सडून ताजा तांदूळ सुपात घ्यावा. माय म्हने, काऊन दिवसभर खिदळत राह्यते गं, आन् असं म्हनता म्हनता तोंड फिरवून स्वताच हासे, म्या पाह्यलं ना. मायले ती आवडे. हे आधीच सांगून ठेवतो, नाई तं तुमी मायलेच नावं ठेवसान.

पोरगा रांगाले लागला होता, रोवन्याचे दिवस. सगुना खोंडाले चारा टाकाले गेली, गोमाशी चावली का काय झालं, खोंडानं मुंडकं झटकलं, शिंग सरळ तोंडावर. समोरचे वरचे चारबी दात गेले. ओठ सावलीच्या कंपाउंडरनं शिवला, पन दात तो कुठून आनन?

मंग ती हासेचना. पदर तोंडावर, पानी पेतानीबी पदर. बोलली तं शब्दासंगं हवा निंगे, म्हनून बोलनंबी सोडलं. पोरगा मांडीवर बसून पदर ओढे, ती त्याच्याबी समोर तोंड उघडत नोती. आता मले सांगा, सोताच्या लेकराले हासून दाखवत नाई ते कसलं जगनं? माहा जीव तुटे, भाऊ.

बाजारात कोनीतरी सांगतलं, चांद्याले दात बसवून देते. मायले सांगतलं तं पह्यला सवाल, कशाचे असते ते दात? म्या म्हनलं मले का मालूम. माय म्हने, हाडाचे असन, मेलेल्याचे असन. बसव, म्या नाई म्हनत नाई, तिचं तोंड मलेबी पाहावत नाई, पन परक्याचं हाड तोंडात घेऊन माह्या चुलीपाशी यायाचं नाई आन् देवाच्या निवदाले हात लावाचा नाई. घ्या!

बैलबंडीनं मूल गावाले गेलो, तिथून छोट्या रेलगाडीनं चांद्याले. पोराले मायपाशी ठेवलं. दातवाल्या डाक्तरच्या टेबलावर काचेच्या पेटीत दातच दात, सगुना पाहूनच भ्याली. डाक्तर बुढा, मोठा मायाळू मानूस. म्हने, हे पाह्य, तीन तऱ्हा हायेत. एक, सोन्याचे, पक्के, मरेपर्यंत हालाचे नाई. दुसरे पांढरे, तेबी पक्के, पन दोन्हीकडचे चांगले दात घासून त्याच्यावर टोप्या चढवा लागते. आन् तिसरे हे, लाल तळव्यावर दात, टाळूले चिकटते, वाटलं तवा घाला, वाटलं तवा काढा. म्या विचारलं, डाक्तरसायब, हाडाचे हायेत का? तो हासला, म्हने नाई बाप्पा, चिनी मातीचे, कपबशी असते ना तशे. म्या मनात म्हनलं, मेलो! आमच्या मायच्या चुलीपाशी कपबशीच जात नोती, कपबशीतबी हाडाची राख असते म्हने.

म्या म्हनलं, सोन्याचा पैसा नाई, पांढरे पक्के बसवा. मायले समजवतो म्या. सगुनानं माहा सदरा ओढला, पदराआडून हळूच म्हने, पक्के नको. काऊन नको? म्हने, पक्के बसवले तं माही चूल सुटन. मंग तुमच्या मायनं या वयात रांधाचं का? पोराले भात कोन भरवन? काढाचे द्या म्हना, सैपाकाले काढीन, देवाले काढीन, बाकीच्या वेळी घालीन. डाक्तर मले म्हने, विचार कर, काढाचे दात काढलेलेच राह्यते. म्या तिले तीनदा विचारलं. ती तीनदा तेच बोलली. तिचंच तोंड, तिचाच शब्द, आनले तेच.

झालंबी तसंच. बाईच्या जातीले चुलीपासून सवड कवा? सकाळी चूल, दुपारी चूल, संध्याकाळी चूल, दात आपले पानी घातलेल्या गडव्यात, गडवा बाहेर ओसरीवर, आत आनाले बंदी. पन एक होतं. दुपारी ती माही शिदोरी घेऊन बांधीवर ये, पोरगा कडेवर. गाव मागं राह्यलं का पदराआड दात लावे आन् पदर सोडे. दुरून पांढरं चमकलं का म्या समजे, आली. पोरगा टाळ्या पिटे, ती खदाखदा हासे, पह्यल्यासारखी. म्या म्हनो, दोन घास खा माह्यासंगं. म्हने, नाई, खाले काढा लागते, तुमी खा, म्या हासीन. उपाशी बसून हासे, भाऊ. तेवढाच तिचा सुखाचा वेळ.

पुढच्या भादव्यात तिले हिवताप भरला. त्या सालात आमच्याकडं घरोघरी हिवताप, कोनी उठे, कोनी जाये. घशाखाली पानी उतरेना, वैद्यानं हात टेकले. शुद्धीवर आली तवा म्हने, बाया भेटाले येतीन, मले माहे दात लावून द्या. म्या गडवा घेऊन आलो तं माय उंबऱ्यात आडवी. म्हने, नको रे पोरा, आता तुळशीचं पानी घालाचं तोंडात, त्या हाडाच्या राखेवरून घालू का? तिची गती अडन ना. माय रडून राह्यली होती, तिले खरंच वाटे तसं. म्या गडवा खाली ठेवला. सगुनानं पदर हातानं चाचपला, तोंडावर घेतला, पानी पदर बाजूले करूनच घालावं लागलं. आन् गेली.

सवाष्न गेली म्हनून बाया हिरवं लुगडं नेसवाले आल्या. मायनं सोताच्या हातानं कुंकू लावलं, आन् लावता लावता थांबली. तोंड आत बसलं होतं ना, ओळखू येत नोती. माय उठली, ओसरीवर गेली, गडवा घेऊन घरात आली, त्याच चुलीजवळून गेली. दात काढून पुसले, तोंडाशी नेले. जबडा आवळला होता. माय म्हने, उघड गं सगुने, उघड बाई, म्या चुकली, उघड. बोटानं उघडते, उघडत नाई. गालावर हात फिरवते, उघडत नाई. शेवटी बायायनं मायले धरून बाजूले केलं. म्या पदर घेतला आन् सगुनाच्या तोंडावर झाकला.

सगुनाची फुलं, म्हंजे अस्थी, मार्कंड्याले वैनगंगेवर नेली, त्याच कपड्यात दात बांधून दिले पान्यात सोडून. मायनं पोरगा वाढवला, माह्यापेक्षा चांगला वाढवला, पन घरात सगुनाचं नाव कोनी काढलं का ती उठून बाहेर जाये. मरेपर्यंत.

आता माहे सगळे गेले, पाह्यता ना, हिरड्याच हायेत. मागच्या महिन्यात पोरानं मले गडचिरोलीले दातवाल्या डाक्तरनीपाशी नेलं. पोरगी चांगली, तिनंबी तऱ्हा सांगतल्या, बाबा, कवळी घ्या नाई तं पक्के बसवा. म्या उठलो आन् घरी आलो. पोरगा रागावला, म्हने बाबा, पैसा म्या देतो, तुमाले भाकर चावत नाई, काऊन नाई म्हनता? त्याले त्याची माय आठवत नाई, त्याले काय सांगू? तुमाले सांगतो. मेल्यावर तिथं वर सगुना बोळक्या तोंडानं पदर धरून उभी असन. म्या दात लावून गेलो तं ती माह्यासमोर पदर सोडन का?