थांबा आणि तंबी

आमच्या मोटरसायकलची वारा अडवणारी पुढची काच बदलावी लागली ती खिरीमुळे.

जुनी काच जेमतेम छातीएवढी होती. वारा थेट यांच्या कानांत शिरायचा. माझ्या धाकट्या भावाला आम्ही सगळे तमिळ रीतीने ‘तंबी’ म्हणतो. आडुतुरैला त्याच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. मी खिरीचा डबा धरून मागे बसले होते. कुंभकोणम सुटलं आणि डब्याचं झाकण उडालं.

“थांबा! अहो, थांबा!”

“तंबी भेटेल की आडुतुरैला,” हे म्हणाले.

“थांबा हो!”

“भावाची एवढी माया बरी नव्हे!”

पोचलो तेव्हा सगळी खीर यांच्या पाठीवर होती. भावजयीने रिकामा डबा हसून घेतला. मला रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी हे मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, “हनुवटीपर्यंतची काच पुरे.”

“नाकापर्यंतची दे. मागचं ऐकू आलं पाहिजे.”

खरोखरच वारा डोक्यावरून जाऊ लागला. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर माझा भाऊ सायकलवर दिसला. मी हळूच म्हटलं, “तंबी!”

यांनी करकचून ब्रेक लावला. माझं नाक यांच्या पाठीवर आपटलं.

“बघ,” हे म्हणाले, “एका हाकेत थांबलो की नाही?”